चिंचेच्या नावाचा धबधबा

धबधबा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पावसाळ्यातला घाट उभा राहतो. आंबोली, माळशेज, नाहीतर आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले मार्लेश्वर. ओले कपडे, भाजलेले कणीस आणि अंधार पडायच्या आत घरी परतायची घाई. आज मी ज्या धबधब्याविषयी बोलणार आहे, तो मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर, हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर आहे. फ्रेंचमध्ये त्याला 'सेत कास्काद' म्हणतात, म्हणजे सात धबधबे. इंग्रजीत त्याचे नाव 'टॅमरिंड फॉल्स'. टॅमरिंड म्हणजे आपली चिंच. तो ज्या नदीवर आहे तिचे नावही चिंचेचेच.

काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाच्या निमित्ताने मी तिकडे गेलो होतो. कविता वाचून झाल्या, हारतुरे झाले आणि एक दिवस मोकळा मिळाला. समुद्रकिनारा पाहा, असे यजमानांचे म्हणणे. मी म्हटले, समुद्र आमच्या दारात आहे. माझे आजोबा जहाजावर खलाशी होते. वर्षातले दहा महिने त्यांना समुद्रच घेऊन जाई, त्यामुळे समुद्राचे कौतुक आमच्या घरात कुणालाच नाही. मला तुमचा डोंगर दाखवा.

मॉरिशस म्हणजे केवढे? सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर. रत्नागिरी जिल्ह्याचा चौथा हिस्सा. बेटाच्या मधोमध उंच पठार आहे आणि त्यावर वाकवा नावाचे शहर. 'वाकवा' हे केवड्याच्या जातीच्या एका झाडाचे नाव. त्याच्या पात्यांच्या टोपल्या आणि साखरेची पोती विणत. तिथून बस पकडली की काही वेळात आँरियेता हे गाव येते. नकाशावर इंग्रजी उच्चाराने 'हेन्रिएटा' लिहिलेले असते. बस तिथेच थांबते. धबधब्याकडे जाणारी वाट याच गावातून सुटते. थांब्यावर चार-सहा माणसे वाटाड्याचे काम मिळते का, हे पाहत उभी असतात. त्यातल्याच एका चाळिशीतल्या माणसाबरोबर मी निघालो. तो थोडे हिंदी बोलत होता, थोडे इंग्रजी आणि स्वतःशी पुटपुटताना क्रिओल. मला तो 'तोंतों' म्हणू लागला. तोंतों म्हणजे काका.

आँरियेता हे साधे गाव. पण मराठी माणसाने तिथे क्षणभर थांबावे असे एक कारण आहे. मॉरिशसमधला पहिला गणेशोत्सव १८९६ मध्ये याच गावात एका मराठी कुटुंबाने केला, असे तिथले मराठी लोक सांगतात. आपल्याकडे लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने उत्सव सार्वजनिक झाला तो १८९३ च्या सुमारास. मॉरिशसला गेलेल्या बहुतेक मराठी माणसांनी मात्र त्याच्या कितीतरी आधी गाव सोडलेले होते. तेव्हा त्यांनी बरोबर नेला तो टिळकांचा गणपती नव्हे, तर कोकणातल्या घराघरांतला. त्याबरोबर जाखडीही गेली. आमच्याकडे बाल्या नाच म्हणतात तोच हा प्रकार. आज गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते आणि तिथले तरुण अजूनही जाखडी नाचतात.

गाव मागे पडले की उसाची शेते लागतात. त्या उसात जागोजाग काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. काही तर घराएवढे उंच. मला आधी वाटले, जुन्या इमारती पडलेल्या असाव्यात. वाटाड्या म्हणाला, "इमारत नाही तोंतों, हे आमच्या आजे-पणज्यांनी रानातून वेचलेले दगड." मॉरिशस हे बेट ज्वालामुखीतून वर आलेले. आपल्या सह्याद्रीसारखाच काळा बसाल्ट. या जमिनीत नांगर चालत नव्हता. ऊस लावायचा तर आधी दगड हलवायला हवेत, आणि ते हलवले माणसांनी, हाताने. त्या ढिगांवर कुणाचे नाव नाही. पण मला वाटते, त्या बेटाचा इतिहास सांगणारे याहून खरे स्मारक दुसरे नसेल.

ऊस संपतो आणि एकाएकी जमीनच संपते. पायाखाली खोल हिरवी दरी आणि पलीकडच्या कड्यावरून पायरीपायरीने खाली उतरणारे पाणी. एक धबधबा डोहात पडतो, डोहातून दुसरा निघतो, मग तिसरा. सात म्हणतात खरे, पण मोजणारे वेगवेगळे आकडे सांगतात. सगळ्या पायऱ्या मिळून उंची सुमारे तीनशे मीटर. दरीच्या पोकळीत लांब शेपटीचे पांढरे पक्षी घिरट्या घालत होते. त्यांना तिथे 'पाय आँ क्यू' म्हणतात, म्हणजे शेपटीत गवताची काडी असलेला पक्षी. अगदी खाली, दरीच्या तळाशी, धरणाचे पाणी चमकत होते. तिथे वीजघर आहे. वरून सात उड्या मारून आलेल्या पाण्याला खाली पोचल्यावर कामाला लागावेच लागते.

उतरायला लागलो. तांबडी माती पावसाने निसरडी झालेली. दोन्ही बाजूंना पेरूच्या जातीच्या झुडपांची दाटी, लाल लाल बोराएवढी फळे. मी म्हटले, "काय सुंदर जंगल आहे तुमचे." वाटाड्या हसला. "हे जंगल आमचे नाही. हा पेरू ब्राझीलचा." पुढे पंख्यासारखे पसरलेले झाड दिसले. "हे मादागास्करचे." फांदीवरून माकडाने उडी मारली. "हा जावाचा." जंगलात हरणे आहेत, तीही जावाहून आणलेली. डच लोकांनी १६३९ मध्ये ती इथे सोडली, आणि त्याच सुमारास ऊसही जावाहूनच आणला.

मॉरिशसचे मूळचे रान आज दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. तिथला काळा शिसवी आबनूस डचांनी तोडून जहाजांतून युरोपात नेला. डोडो नावाचा, उडता न येणारा पक्षी सतराव्या शतकातच संपला. आणि मूळचा माणूस? तो तर कधी नव्हताच. अरब दर्यावर्दींना हे बेट माहीत होते. १५०२ च्या एका जुन्या नकाशावर त्याचे अरबी वळणाचे नाव सापडते. पण ते तिथे राहिले नाहीत. डच आले १५९८ मध्ये, त्यांनी आपल्या राजपुत्राच्या नावावरून बेटाला मॉरिशस म्हटले, आणि १७१० मध्ये ते निघून गेले. मग फ्रेंच, मग १८१० पासून इंग्रज. ज्याला आपण निसर्ग म्हणून पाहायला जातो, त्या जंगलातले बहुतेक सगळे कुणीतरी कुठूनतरी आणलेले आहे. आणि माणसेही आणलेलीच.

पहिल्यांदा आणली ती गुलाम म्हणून. मादागास्कर आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, मोझांबिकहून. फ्रेंचांनी १७२३ मध्ये या बेटांसाठी गुलामांचा कायदा केला. पळालेला गुलाम पहिल्यांदा सापडला तर कान कापायचे आणि खांद्यावर डाग द्यायचा. दुसऱ्यांदा सापडला तर पायाची शीर तोडायची आणि दुसऱ्या खांद्यावर डाग. तिसऱ्यांदा मृत्यू. एवढे असूनही माणसे पळत. पळून जाण्याजोगी जागा म्हणजे बेटाच्या नैऋत्येकडच्या या दऱ्या, ही जंगले आणि त्यापलीकडचा ल मोर्न नावाचा एकटा उभा कडा. तिथली एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, ती बातमी सांगायला शिपाई ल मोर्नवर चढले. लपलेल्या लोकांना वाटले, हे आपल्याला धरायला आले. त्यांनी कड्यावरून समुद्रात उड्या टाकल्या. ही लोककथाच आहे, पण लोक अशी कथा का जपतात ते कळते. २००८ मध्ये युनेस्कोने ल मोर्नला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

गुलामगिरी संपली तेव्हा इंग्रज सरकारने नुकसानभरपाई दिली. वीस लाख पौंडांहून जास्त. ती मिळाली मालकांना. ज्यांचे आयुष्य गेले होते त्यांना मिळाली ती आणखी चार वर्षांची सक्तीची उमेदवारी.

आता ऊस कोण तोडणार? २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. पगार महिना पाच रुपये. करारपत्रावर अंगठा द्यायचा. 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचे झाले गिरमिट, आणि माणसे झाली गिरमिटिया. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे या बेटावर उतरली. बहुसंख्य बिहारकडची भोजपुरी बोलणारी. मग तमिळ, तेलुगू. आणि मुंबई बंदरातून निघालेली आपली माणसे, बरीचशी कोकणातली. पोर्ट लुईच्या धक्क्यावर सोळा दगडी पायऱ्या आहेत, त्या चढून ही माणसे बेटावर आली. तो आप्रवासी घाट. २००६ पासून तोही जागतिक वारसा आहे.

या माणसांना गुलाम म्हणत नसत. पण एक दिवस कामाला आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापत. १८६७ च्या कायद्याने, करार संपलेल्या माणसालासुद्धा आपला फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. शिपायाने अडवले आणि परवाना नसला तर तुरुंग. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्याच्या मदतीने नऊ हजारांहून अधिक मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर शाही आयोग बसला आणि १८७५ मध्ये त्याचा अहवाल आला. पुढे काही जाच कमी झाला. साखरेचे भाव पडल्यावर मळेवाल्यांनी आपल्या जमिनींचे तुकडे विकायला काढले, आणि मजुरांनी पै पै साठवून ते घेतले. त्या जमिनी बऱ्याचदा हलक्या, दगडाळ असत. पण स्वतःच्या जमिनीवर घर उभे राहिले, आणि घर उभे राहिले तेव्हाच घरात गणपती आला. आँरियेताचे १८९६ साल मी असे वाचतो.

या सगळ्या गोष्टी मला त्या वाटेवर सुचल्या असे नाही. काही आधी वाचल्या होत्या, काही नंतर. वाटेवर मी पाय घसरू नये एवढेच पाहत होतो. एका डोहापाशी आम्ही थांबलो. शहरातून आलेली पोरे कड्यावरून पाण्यात उड्या मारत होती. वाटाड्या त्यांच्यावर ओरडला. पाऊस लागला की या डोहांचे पाणी बघता बघता चढते, म्हणाला. मग आम्ही एका दगडावर बसलो आणि त्याने मला विचारले, "तोंतों, तुम्ही भारतात कुठले?"

मी म्हटले, "महाराष्ट्र. रत्नागिरी."

तो एकदम सावरून बसला. "मी मराठी आहे," तो इंग्रजीत म्हणाला. त्याचे पणजोबा मुंबईहून आले होते. गावाचे नाव घरात कुणाला माहीत नाही. आडनावही मूळचे नाही. बोटीवरच्या कारकुनाने पणजोबांचे नाव जसे ऐकले तसे लिहिले, तेच पुढे आडनाव झाले. घरात क्रिओल बोलतात. गणपतीत आरती तोंडपाठ म्हणतात, पण कागदावर ती रोमन अक्षरांत लिहिलेली असते आणि अर्थ पुरता कळत नाही. त्याने शाळेत चार वर्षे मराठी घेतले होते. त्याच्या मुलीने घेतलेले नाही. "फ्रेंच, इंग्रजी, गणित. तिला वेळ कुठे आहे?" हे सांगताना तो जरासा ओशाळला. जणू मी मराठीचा तपासनीस होतो.

मग त्याने माझे नाव विचारले. मी सांगितले. तो गप्प झाला. थोड्या वेळाने त्याने अगदी सभ्यपणे विचारले, "पण तुम्ही तर मुसलमान. मग मराठी कसे?"

हा प्रश्न मला नवा नाही. पुण्या-मुंबईतही तो मला विचारला गेला आहे, आणि तिथे तो नेहमीच इतक्या सभ्यपणे विचारला गेलेला नाही. पण मॉरिशसमध्ये त्या प्रश्नाला एक वेगळे कारण आहे. तिथे भाषा समाजांत वाटलेल्या आहेत. शाळेत पूर्वजांची भाषा म्हणून हिंदी घ्यायची ती एका समाजाने, तमिळ दुसऱ्याने, मराठी तिसऱ्याने. मुसलमानांच्या वाट्याला उर्दू आणि अरबी. घरी मात्र बहुतेक सगळे क्रिओल बोलतात. १९८३ च्या जनगणनेत तर कितीतरी मुसलमानांनी पूर्वजांची भाषा म्हणून अरबी लिहिली. त्यांचे पूर्वज आले होते बिहारहून, गुजरातहून. अरबस्तानातून जवळजवळ कुणीच नाही. मी त्यांना दोष देत नाही. चौकट भरायची असली की माणूस भरतो. पण या वाटणीत मराठी म्हणजे एक हिंदू समाज, एवढाच अर्थ उरला. तिथे मुसलमान मराठी ही चौकटच नाही.

मी त्याला सांगितले, आमच्या घरात कोकणी बोलतात, बाणकोटी वळणाची. शाळेत मराठी. मशिदीत अरबी. माझी आजी नमाज अरबीत पढायची आणि शेजारणीशी भांडायची मराठीत. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, आणि त्यांना संत मानणाऱ्यांत वारकरीही आहेत. १९९० मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आमच्यासारख्या कितीतरी लिहिणाऱ्यांना प्रथमच वाटले की आपण एकटे नाही. हे सगळे मी मोडक्या हिंदीत सांगत होतो. किती पोचले कुणास ठाऊक.

मग विषय बदलावा म्हणून मी विचारले, "या नदीला चिंचेचे नाव का?"

त्याला 'चिंच' कळले नाही. मी म्हटले, "तामारिन. मराठीत आम्ही तिला चिंच म्हणतो."

"चिंच!" तो ओरडलाच. "ग्रांमेर! माझी आजी!" आजी स्वयंपाकघरात चिंच हाच शब्द वापरायची. तो इतकी वर्षे समजत होता की हा तिचा स्वतःचा, घरातल्या घरात केलेला शब्द आहे. अशा आणखी कुठल्या शब्दांची आठवण येते का, म्हणून आम्ही तिथे बसून शोधाशोध केली. पळी निघाली. उंबरा निघाला. एक शिवीही निघाली, ती इथे सांगण्यासारखी नाही. जे शब्द शाळेतल्या चार वर्षांत आले नव्हते, ते आजीने चुलीपाशी देऊन ठेवले होते आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

परतताना मला त्या शब्दाचाच विचार येत राहिला. टॅमरिंड हा मूळचा अरबी शब्द आहे. 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. अरब व्यापाऱ्यांनी आपल्या बंदरांत चिंच पाहिली आणि तिला हे नाव दिले. ते लॅटिनमध्ये गेले, फ्रेंच आणि इंग्रजीत गेले, आणि शेवटी या बेटावरच्या एका नदीला चिकटले. आणि गंमत अशी की वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात, चिंचेचे झाड मुळात हिंदुस्थानचे नाहीच. ते आफ्रिकेचे. फार प्राचीन काळी ते आपल्याकडे आले आणि इतके आपले झाले की आपल्या गावांच्या वेशीवर ते नसले तर चुकल्यासारखे वाटते. आपण त्याची आमटी केली, आपली भुते त्याच्यावर बसवली. चिंच परकी आहे, असे आज कुणी म्हणणार नाही.

आफ्रिकेचे झाड, अरबांनी त्याला म्हटले हिंदी, आणि त्याच्या नावाची नदी अशा दरीतून वाहते जिथे आफ्रिकेची माणसे लपली आणि जिच्या काठावर हिंदुस्थानच्या माणसांनी दगड वेचले. यातले मूळचे कोण, असे विचारले तर एकच उत्तर देता येते. पाणी. बाकी सगळे येऊन राहिलेले. जो राहिला, राबला, ज्याने तिथे आपली माणसे पुरली किंवा जाळली आणि चुलीवर तिथलेच पाणी तापवले, तो तिथला झाला. त्याला वेगळा दाखला लागू नये.

२००८ मध्ये मॉरिशसच्या सरकारने कायदा करून मराठीभाषकांची एक अधिकृत संस्था स्थापन केली. महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवले जाते. ही चांगली गोष्ट आहे. आपण तिकडे जातो, सत्कार घेतो आणि 'दूरदेशी मराठी जपली' म्हणून त्यांची पाठ थोपटतो. मला वाटते, कौतुकापेक्षा त्यांना दुसऱ्या गोष्टीची गरज आहे. कुणीतरी त्यांच्याबरोबर बसून आजीचे शब्द शोधायला हवेत. आणि भाषेचे दार एकाच समाजाचे नसते, हे आपण आधी इथे, आपल्या घरी मान्य करायला हवे. आपणच ते केले नाही, तर साडेचार हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या माणसाने माझ्या नावाला बिचकू नये, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

बसच्या थांब्यावर मी त्याला ठरलेले पैसे दिले. त्याने घेतले, कारण तो त्याचा धंदा होता. बस सुटताना तो खिडकीपाशी आला आणि म्हणाला, "मुलीला आज सांगतो, चिंच." थोडे थांबून त्याने विचारले, "लिहायचे कसे?"

माझ्याकडे कागद नव्हता. बसच्या तिकिटाच्या मागे मी देवनागरीत तो शब्द लिहून दिला. त्याने तो सावकाश, अक्षर अक्षर लावून वाचला. चार वर्षांची शाळा अगदीच वाया गेली नव्हती.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)